सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांची क्रमवारी कशी लावाल? मी दापोलीत राहतो, कुठून सुरुवात करू?

माझ्या यादीत पहिला ‘कासव’, मग ‘अस्तु’, तिसरा ‘देवराई’ आणि चौथा ‘दोघी’. सुरुवातही ‘कासव’पासूनच करा. त्याला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, पण मी तो वर ठेवतो तो वेगळ्या कारणाने. आपल्या किनाऱ्यावर, वेळासला वगैरे, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं घरट्यातून काढल्यावर थेट पाण्यात नेऊन सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात, राखण करतात, चालायचं मात्र त्यांचं त्यांनीच. चित्रपटातली जानकी (इरावती हर्षे) नैराश्याने खचलेल्या एका तरुण मुलाला अगदी असंच सांभाळते: छप्पर देते, जेवण देते, प्रश्न विचारत नाही. किनाऱ्यावर हे काम जवळून बघितलेल्या माणसाला तिचं गप्प राहणं लगेच उमगतं, आणि म्हणूनच तुम्हाला हा चित्रपट जास्त भिडेल असं मला मनापासून वाटतं. ‘अस्तु’ अभिनयात कदाचित याहून सरस आहे. मोहन आगाशे यांचे विस्मरणात हरवत गेलेले शास्त्री विसरता येत नाहीत, आणि हत्तीवाल्याच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘देवराई’त अतुल कुलकर्णी यांचा स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष आहे, तोही कोकणातलाच. ‘दोघी’ (१९९५) जुना, पण अजिबात शिळा झालेला नाही.

एक मात्र सांभाळा: ‘कासव’मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे. घरात कुणी नैराश्यातून जात असेल तर आधी स्वतः बघा, मग त्यांच्यासोबत बसून.