लेकरू पाहुण्यांना ‘मुडद्या’ म्हणतंय, काय करावं?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका गावातलं शेतकरी कुटुंब. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, पाहुणे बोलावले होते. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील वाढून झालं. लेकराच्या आईच्या नणंदेचे सासरे ताट पुढ्यात घेऊन गप्पा मारत बसले होते. लेकरू त्यांच्यापाशी गेलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणालं, “मुडद्या, खा की!”

पंगत हसून हसून लोळली. दिरानं “परत म्हण, परत म्हण” करत मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी बापानं लेकराच्या तोंडावर चापट मारली. महिनाभरानं आई समुपदेशनाला आली तोवर दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत, दारात येईल त्याला तोच शब्द मिळत होता. “तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत घालायचंय. बाई म्हणतील, घरात हेच शिकवता का?” सोबत आजी आल्या होत्या, पण खाली मान घालून. शब्द कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनाच विचारलं, “मावशी, तुम्ही हे कुणाला म्हणता?”

“गोऱ्ह्याला. वैरण टाकली तरी तोंड लावत नाही. मग पाठीवरून हात फिरवते अन् म्हणते, मुडद्या, खा की.”

इथं गाठ सुटली. पुढ्यात अन्न असून कुणी खात नसेल तर मायेनं काय म्हणायचं, एवढं त्या लेकरानं गोठ्यात बघून बरोब्बर उचललं होतं. मुडदा म्हणजे प्रेत, हे त्याला कुठून कळणार? या वयात शब्दाचा अर्थ प्रसंगावरून आणि सुरावरून लागतो. दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलणारं मूल तिसऱ्या वर्षाकडे जाताना ऐकलेली आख्खी वाक्यं उचलतं आणि नव्या जागी लावून बघतं. शेतात बोललं ते पहिलं वाक्य आजीच्या मायेचंच होतं. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य मात्र आपल्या हसण्यासाठी होतं.

हसू ही लेकराची मजुरी आहे. ती मिळाली की ते काम पुन्हा करतं. चापटीनं ती बंद होत नाही, कारण रोज कामात बुडालेला बाप त्या क्षणी सगळं सोडून त्याच्याकडे वळतो. मार मिळाला तरी लक्ष मिळालंच. शिवाय एकाच शब्दावर काका हसतो आणि बाप मारतो, तेव्हा ‘आज काय होतंय बघू’ म्हणून ते पुन्हा म्हणून बघतं.

आधी सात दिवस वहीत नोंद ठेवायला सांगितली: शब्द कधी आला, समोर कोण होतं, लगेच नंतर कोणी काय केलं. नोंदीतून दिसलं की आईसोबत एकटं असताना शब्द जवळपास येतच नाही. येतो तो माणसं जमल्यावर, आणि बहुतेकदा मोठी माणसं आपसात बोलत असताना. म्हणजे लेकराला बैठकीत जागा हवी होती.

मग घरातल्या सहाही माणसांना एकत्र बसवून ठरवलं. शब्द आला की चेहरा कोरा ठेवायचा, हातातलं काम चालू ठेवायचं, पाच-दहा सेकंदांनी त्याच्याशी दुसरंच बोलायचं. अबोला शब्दाशी धरायचा, लेकराशी नाही. बिघडतं ते इथंच. माणसं ओठ दाबतात आणि खांदे हलत राहतात. लेकराला तेवढं पुरतं. हसू आवरत नसेल तर माठातलं पाणी घ्यायच्या निमित्तानं उठून आत जावं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमधून काढायचा, कारण तो लेकरालाही पुन्हा पुन्हा दाखवला जात होता.

आजींना मात्र ‘तुम्ही बोलू नका’ असं मुळीच सांगितलं नाही. चाळीस वर्षांची जीभ अशी बंद होत नाही, आणि ज्या बाईनं लेकरू सांभाळलं तिलाच गुन्हेगार करणं मला बरोबर वाटत नाही. उलट सगळ्यात मोठं काम त्यांना दिलं: तितकाच ठसकेबाज, तोंड भरेल असा दुसरा शब्द. थोडा विचार करून त्याच म्हणाल्या, “टमाट्या.” आता गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याच सुरात, ‘टमाट्या, खा की!’ लेकरू कडेला उभं असताना, रोज सकाळ-संध्याकाळ. त्यानं तो उचलला की मात्र घरभर मनसोक्त हसायचं. नवा शब्द मिळमिळीत असेल तर मूल तो घेत नाही. ‘असं नाही म्हणू, बाळा’ यात कसलीच चव नसते.

बैठकीतली जागाही द्यायची. पाहुणा आला की लेकराच्या हाती अर्धा भरलेला छोटा स्टीलचा पेला द्यायचा, आणि ‘राम राम, बसा’ म्हणायचं. रोज पाच मिनिटं आजोबांना खोटा पाहुणा करून सराव. पूर्ण भरलेला पेला देऊ नये. सांडतो, कुणीतरी ओरडतं आणि खेळ मोडतो.

पहिले तीन-चार दिवस शब्द वाढणार, हे आधीच सांगून ठेवलं होतं. मजुरी थांबली की लेकरू जोर लावतं, आणि ‘उपाय उलटला’ म्हणून बहुतेक घरं इथंच सोडून देतात. या घरात नवव्या दिवशी दीर हसला आणि शब्द आठवडाभर परतला. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त पक्की करतं, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. मटका खेळणारा का उठत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. दिराला पुन्हा फोन करावा लागला.

शब्द वाईट की चांगला यापेक्षा काही गोष्टी जास्त बघायच्या असतात. दोन वर्षं उलटूनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा फक्त ऐकलेलंच घोकत असेल आणि स्वतःला काय हवं ते कधीच सांगत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, दाखवावं. या लेकरात तसं काही नव्हतं.

पाचव्या आठवड्यात आईचा फोन आला. नणंदेचे सासरे पुन्हा येऊन गेले होते. लेकरानं दोन्ही हातांनी पेला धरून नेला, निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं आणि म्हणालं, “राम राम, टमाट्या, बसा.” सासरे हसले, आजी हसल्या. आईनं विचारलं, “मीपण हसले. चाललं ना?”

चाललं.