एकाच शिक्षकखोलीत दोन हिशेब

वाचकांचे प्रश्न : शिक्षकांची पेन्शन

प्रश्न : मी अनुदानित माध्यमिक शाळेत २००७ मध्ये लागलो. शेजारच्या खुर्चीवरचे सर १९९९ चे. तासिका तेवढ्याच, वेतनश्रेणी तीच. ते जुन्या पेन्शनवर जाणार, मी एनपीएसवर (राष्ट्रीय पेन्शन योजना). रुपयांत नेमका फरक किती? आणि हे न्याय्य आहे का?
– एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : आधी आकडे बघू. निवृत्तीच्या महिन्यात दोघांचंही मूळ वेतन ८०,००० रुपये आहे असं धरा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली पूर्ण पेन्शनइतकी सेवा झालेल्या सरांना त्याच्या निम्मी, म्हणजे ४०,००० रुपये मूळ पेन्शन बसते. त्यावर महागाई वाढ वेगळी. दर चार टक्के वाढीमागे १,६०० रुपये आपोआप चढतात, नवा वेतन आयोग आला की मूळ पेन्शनही सुधारते. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि तो भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो.

तुमचं गणित वेगळं आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) लागू झाली, पुढे तिचीच एनपीएस झाली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के तुमचे कापले जातात. शासनाचा वाटा आधी १० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून तो १४ टक्के झाला. मूळ आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० होत असतील तर तुमचे ६,००० आणि शासनाचे ८,४००, असे महिन्याला १४,४०० रुपये तुमच्या खात्यात पडायला हवेत. निवृत्तीच्या वेळी जमा पुंजीतले जास्तीत जास्त ६० टक्के हातात मिळतात. उरलेल्या किमान ४० टक्क्यांचं वर्षासन, म्हणजे एकदा पैसे भरून नंतर ठरावीक रक्कम मिळत राहण्याची सोय, विमा कंपनीकडून घ्यावं लागतं.

आता सरांइतके ४०,००० रुपये दरमहा मिळवायचे तर किती पैसे लागतील? वर्षासनाचा दर साडेसहा टक्के धरला तर सुमारे ७४ लाख रुपये नुसते वर्षासनात गुंतवावे लागतील. हे ७४ लाख पुंजीचा ४० टक्के हिस्सा असायचे असतील तर पुंजी झाली जवळजवळ १ कोटी ८५ लाख. एवढं करूनही सर्वसाधारण वर्षासनाची रक्कम पहिल्या महिन्यात जी ठरते तीच शेवटपर्यंत राहते. महागाई सहा टक्क्यांनी चालली तर रुपयाची किंमत १२ वर्षांत निम्मी होते. म्हणजे ५८ व्या वर्षी घेतलेले ४०,००० सत्तरीला आजच्या २०,००० इतकेच उरतात, आणि औषधांचा खर्च नेमका तेव्हाच वाढलेला असतो. फरकाचं मर्म इथे आहे. पहिल्या महिन्याची रक्कम जुळवता येईलही, दहाव्या-पंधराव्या वर्षाची जुळत नाही.

न्यायाचं म्हणाल तर आमचं मत स्पष्ट आहे. पगार, पेन्शन आणि व्याज यांत राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा जातो, ही अडचण खरी आहे. नव्याने लागणाऱ्यांसाठी अटी बदलण्याचा अधिकारही शासनाला आहे. १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला असल्याचं सांगितलं. पण तो वाद निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गाचे दोन तुकडे करण्याबद्दल होता. २००५ ची रेघ नेमणुकीच्या तारखेची आहे, त्यामुळे नकाराचा दाखला जसाच्या तसा इथे बसत नाही. मोर्चात तो सर्रास दिला जातो म्हणून हे मुद्दाम सांगतो. अन्याय आहे तो जोखमीच्या वाटणीत. बाजार पडला तर, आयुष्य लांबलं तर, महागाई वाढली तर, या तिन्ही जोखमी पूर्वी शासन उचलत असे. आता त्या एकट्या शिक्षकाच्या डोक्यावर आहेत आणि त्याबदल्यात मिळतात ते चार टक्के जास्त, तेही २०१९ पासून.

जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपानंतर यात थोडी हालचाल झाली. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली. केंद्राच्या सूत्रात शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी आहे, महागाई वाढही आहे. मात्र पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षं सेवा हवी. चाळिशीत नोकरी लागून १८ वर्षं भरली असतील तर ३६ टक्के, म्हणजे ८०,००० वर २८,८०० रुपये. हमीच्या बदल्यात साठलेली पुंजी आपली राहत नाही, तिच्यातून आधी काढलेले पैसे भरून न दिल्यास पेन्शन त्या प्रमाणात घटते. एकट्या, उशिरा लागलेल्या शिक्षिकेचं उत्तर आणि २५ वर्षं भरणाऱ्या, घरात अवलंबून माणसं असलेल्या शिक्षकाचं उत्तर एक नसेल. विकल्प भरण्याआधी निवृत्तीच्या तारखेला किती वर्षं भरतात ते सेवापुस्तकावरून मोजा, तोंडी अंदाजावर जाऊ नका.

प्रश्न : माझी डीसीपीएसची कपात पगारातून नियमित झाली, पण प्रान (एनपीएसचा कायम क्रमांक) खात्यात सुरुवातीच्या वर्षांची रक्कम दिसत नाही. कुठे आणि कसं विचारायचं?
– एक शिक्षिका, परभणी

उत्तर : खाजगी अनुदानित शाळांतली ही सर्वांत जुनी जखम आहे, आणि योजनेच्या न्याय्यतेबद्दल बोलण्याआधी शासनाने हीच बुजवायला हवी. १ लाख रुपये पाच वर्षं उशिरा खात्यात आले आणि दरम्यान आठ टक्के परतावा मिळाला असता असं धरलं, तर एकट्या त्या विलंबाने जवळजवळ ४७,००० रुपये बुडतात.

पैसे अडकतात ते बहुधा ठरलेल्या जागी. नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता उशिरा आली आणि थकबाकीचं बिल वेगळं निघालं, तर त्या बिलातली कपात मासिक तक्त्यात चढत नाही. मधे शाळा बदलली असेल तर जुन्या जिल्ह्याच्या वेतन पथकाकडची (शाळांची वेतन देयकं पाहणारं कार्यालय) नोंद नव्याकडे येत नाही. प्रान नंबर मिळण्याआधीच्या रकमा शासनाच्या लेख्यात पडून राहतात, शिक्षकाच्या नावे वर्ग होत नाहीत. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्तेही तपासा.

एक वही घ्या. पहिल्या कपातीच्या महिन्यापासून दर महिन्याला एक ओळ लिहा : कपात किती, शासन हिस्सा किती, प्रान खात्यात कोणत्या तारखेला जमा. कपातीचा आकडा शाळेतल्या वेतन देयकाच्या प्रतीवरून घ्या, अलीकडचा शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीवरून. शासन हिस्सा आणि व्याज डीसीपीएसच्या वार्षिक लेखाचिठ्ठीवरून मिळेल, जमा तारीख प्रानच्या विवरणपत्रावरून. ज्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा, तो तुमचा दावा. अर्जात “बरीच रक्कम जमा नाही” असं लिहू नका. “अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, इतके हप्ते, इतकी रक्कम” असं लिहा, देयकांच्या प्रती जोडा, मुख्याध्यापकांमार्फत वेतन पथकाच्या अधीक्षकांकडे पाठवा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. आवक क्रमांक नसेल तर पुढच्या पायरीवर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. “माझी रक्कम का जमा केली नाही” असं विचारलं तर अर्ज फुकट जातो, कारण कायद्याने दस्तऐवज मिळतो, खुलासा नाही. माझ्या नावे झालेल्या कपातीच्या चलनांच्या आणि रक्कम प्रान खात्यात वर्ग केल्याच्या तक्त्याच्या प्रती द्याव्यात, असं मागा. ३० दिवसांत माहिती आली नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये शुल्क.

प्रश्न : नेमणूक २००२ ची, मान्यता रीतसर. पण शाळेला १०० टक्के अनुदान मिळालं ते १ नोव्हेंबर २००५ नंतर. मला जुनी पेन्शन का नाही?
– एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : कारण शालेय शिक्षण विभागाच्या २९ नोव्हेंबर २०१० च्या शासन निर्णयाने नेमणुकीच्या तारखेबरोबर शाळेच्या अनुदानाचा टप्पाही निकष केला. शिक्षकाच्या नेमणुकीवर त्याची गुणवत्ता आणि निवड यांचा काही संबंध असतो. शाळेला शंभरावा टक्का कधी मिळाला, यात त्याचा तिळमात्र हात नसतो. २००५ च्या आधी रुजू झालेल्या माणसाला नव्याने लागलेला ठरवणं आम्हाला सरळ चूक वाटतं. हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. तुमच्या हातात आहे ते कागद जपणं : मूळ नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यता, अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याचा आदेश आणि सेवापुस्तकाच्या साक्षांकित प्रती. शाळेत एकच सेवापुस्तक असतं आणि संस्थेतल्या भांडणात ते हरवतं. दरवर्षी त्याचे फोटो काढून ठेवा, सही-शिक्क्याची पानं स्पष्ट दिसतील असे.

प्रश्न : एनपीएसमधला शिक्षक सेवेत असताना गेला तर घरच्यांना काय मिळतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदानाचा (ग्रॅच्युइटी) मार्ग खुला झाला. शाळांच्या बाबतीत मुख्याध्यापकांकडून शालेय शिक्षण विभागाचा लागू करणारा आदेशही मागून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. दुःखाच्या दिवसांत कोणी पुढे केलेला एनपीएसची सगळी रक्कम काढण्याचा अर्ज लगेच सही करून देऊ नका. आधी कुटुंब निवृत्तिवेतनाचा विकल्प द्या, मग प्रान खात्याचं बघा. आणि सेवेत असलेल्या प्रत्येकाने आजच प्रान खात्यातलं नामनिर्देशन उघडून पाहावं. लग्नाआधी नोकरी लागलेल्या कित्येकांच्या खात्यात अजून आईचंच नाव असतं, आणि मग सासू-सुनेला एकाच कागदासाठी कार्यालयात उभं राहावं लागतं.