क्रुगर की क्वाझुलू-नाताळ? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, जूनमध्ये दहा दिवस साऊथ आफ्रिकेला जायचं ठरतंय, आम्ही दोघं, दहावी झालेला मुलगा आणि सासूबाई. जो तो म्हणतो क्रुगर नॅशनल पार्क करा. मुलाला मात्र क्वाझुलू-नाताळ प्रांत बघायचाय. तिथे दहा दिवस पुरेल एवढं आहे का? सासूबाईंना फार चालवत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मुलाचं ऐका! क्रुगर सुंदरच आहे, पण या एका प्रांतात जंगल, समुद्र, डोंगर आणि इतिहास सगळं काही तासांच्या ड्राइव्हवर आहे, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. जून म्हणजे तिथला हिवाळा, गवत वाळून खाली बसलेलं असतं, त्यामुळे प्राणी लांबूनही दिसतात.

सुरुवात श्लुश्लुवे-इम्फोलोझीपासून करा, 1895 सालचं अभयारण्य आहे, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. आज जगात जे दक्षिणी पांढरे गेंडे आहेत ते जवळजवळ सगळे इथल्या मूठभर गेंड्यांचे वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते शंभराच्या आत उरले होते, मग इथे जपले, वाढले आणि 1960 च्या दशकात तिथले वनाधिकारी इयान प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडून पकडून दुसऱ्या जंगलांत, दुसऱ्या देशांत नेऊन सोडले. पांढरा आणि काळा ओळखायचा तर रंग बघू नका, तोंड बघा. पांढऱ्याचं तोंड रुंद, चौकोनी, मान खाली घालून चरतो, आणि काळ्याचा वरचा ओठ टोकदार असतो, त्याने तो झुडपाची फांदी धरून ओढतो. सासूबाईंना गाडीतूनच सगळं दिसेल.

तिथून सेंट लुसियाला जा, इसिमांगालिसो पाणथळीतलं छोटंसं गाव. रात्री पाणघोडे तळ्यातून निघून सरळ गावात चरायला येतात. आम्ही जेवून परत येताना एक असाच रस्त्याकडेच्या हिरवळीवर चरत होता आणि शांततेत गवत तुटल्याचा करकर आवाज गाडीच्या काचेतून ऐकू येत होता, मी तर श्वासच रोखून धरला. रात्री पायी अजिबात फिरू नका, तो दिसतो गरीब पण धावतो भयंकर. समुद्री कासवं जूनमध्ये नसतात, ती नोव्हेंबरनंतर अंडी घालायला येतात, पण हंपबॅक व्हेल जूनपासून किनाऱ्याजवळून जायला लागतात.

शेवटचे तीन दिवस ड्राकेन्सबर्गच्या डोंगरांसाठी राखून ठेवा, झुलू भाषेत उखाहलांबा, म्हणजे भाल्यांची भिंत. आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याचा काळा दगड, फक्त आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि तो अठरा कोटींचा. त्याच्या खाली वालुकाश्म आहे आणि त्याच्या कपारींत तिथल्या मूळच्या शिकारी सान लोकांनी रंगवलेली हजारो चित्रं आहेत. मुलाला कॅम्बर्गच्या गेम पास शेल्टर या कपारीला न्याच, गाइडबरोबर चढून जावं लागतं. तिथे चित्रात एक मरायला टेकलेला एलंड आहे, नीलगाईपेक्षाही थोराड हरीण, मान खाली, मागचे पाय एकमेकांत अडकलेले, आणि शेपूट धरून उभ्या असलेल्या माणसाचेही पाय तसेच! जनावराच्या मरणातून शक्ती घेणारा तो त्यांचा मांत्रिक, असं अभ्यासक सांगतात. मी तिथून हलायलाच तयार नव्हते. सासूबाईंना तेवढा वेळ खालीच उन्हात बसू द्या. स्वेटर जाड न्या, वर बर्फ पडतो. उत्तर भागात मलेरिया आहे, डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

प्रश्न: तिथल्या गेंड्यांची शिंगं कापलेले फोटो बघितले, फार वाईट वाटलं. हा कसला बचाव? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मलाही पोटात कालवलं. पण 2023 मध्ये एकट्या श्लुश्लुवे-इम्फोलोझीत 307 गेंडे शिंगासाठी मारले गेले, म्हणून 2024 मध्ये तिथे शिंगं कापायला घेतली. शिंग केराटिनचं, आपल्या नखासारखं. गुंगी देऊन, बुडखा ठेवून कापतात, दुखत नाही आणि परत वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं. बिनशिंगाचा का होईना, गेंडा जिवंत राहायला हवा.

प्रश्न: गांधीजींना उतरवलं ते स्टेशन वाटेत येतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: येतं, पीटरमारित्झबर्ग, डर्बनहून ड्राकेन्सबर्गला जाताना. 7 जून 1893 ची रात्र, कडाक्याची थंडी, ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात, मागितलं तर पुन्हा अपमान होईल म्हणून गांधीजी तसेच कुडकुडत वेटिंग रूममध्ये बसून राहिले. तुम्ही पुण्याचे म्हणून अजून एक सांगते. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले साऊथ आफ्रिकेला गेले तेव्हा जोहान्सबर्गच्या सभेत ते मराठीत बोलले, कारण ऐकायला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातली थोडी मंडळी होती, आणि त्याचं हिंदुस्तानीत भाषांतर करायला शेजारी उभे होते स्वतः गांधीजी.