वाचक विचारतात : ओव्हनवाली गॅस रेंज बसवताना

प्रश्न : स्वयंपाकघराचे काम काढले आहे. ओट्यात जागा सोडून चार बर्नर आणि खाली गॅसचा ओव्हन अशी उभी रेंज बसवायची आहे. सिलिंडर शेजारच्या ट्रॉलीत, दाराआड ठेवू. दुकानदार म्हणतो, शेगडीसारखीच नळी जोडायची, वेगळे काही नाही. चालेल का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : नाही चालणार. ओट्यावरच्या शेगडीची ज्योत सिलिंडरच्या तोंडापेक्षा वर असते. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि वरच्या ज्योतीपर्यंत पोचण्याआधी बहुतेक वेळा वासाने आपल्याला कळते. रेंजमध्ये ओव्हनचा बर्नर जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असतो, तर १४.२ किलोच्या सिलिंडरचे तोंड जवळजवळ दोन फुटांवर. म्हणजे झिरपलेला गॅस थेट ओव्हनच्या ज्योतीकडे उतरतो. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला तरी भडका उडू शकतो, आणि बंद ट्रॉलीत तेवढे प्रमाण व्हायला वेळ लागत नाही.

तुमचे काम अजून चालू आहे, तेव्हा सिलिंडर ड्राय बाल्कनीत उभा ठेवा आणि तिथून भिंतीतून तांब्याचा पाइप आत घ्या. बाल्कनी उघडी, ग्रिलची हवी. काचा लावून बंद केलेली असेल तर खाली हवेला वाट ठेवा. सिलिंडर मोरीच्या जाळीपासून लांब ठेवा. पाइप भिंतीतून जातो तिथे त्याला बाहेरून दुसऱ्या रुंद पाइपचे अस्तर द्या. सिमेंटात थेट गाडलेला पाइप गंजला किंवा चिरला तरी कळत नाही. हे काम गॅस वितरकाच्या माणसाकडून करून घ्या. प्लंबर पाण्याची लाइन उत्तम टाकतो, पण गॅसच्या सांध्याला सुतळी-सफेदा लावून मोकळा होतो.

आतल्या बाजूला पाइपाच्या टोकाला हाताशी येईल असा बंद करायचा कॉक हवा. तो रेंजच्या मागे नको, बाजूला हवा. पेटलेल्या रेंजच्या मागे हात घालून कॉक फिरवता येत नाही.

कॉकपासून रेंजपर्यंत आयएसआय चिन्हाची नारिंगी सुरक्षा नळी लावा. ती दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मध्ये जोड अजिबात नको. नळी ओव्हनच्या पाठीमागून नेऊ नका. ओव्हनची गरम हवा मागूनच बाहेर पडते. त्या उष्णतेने रबर आधी कडक होते, मग वाकवले की भेगा दिसू लागतात. पुष्कळ रेंजना गॅस घ्यायची तोंडे मागच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कोपऱ्यांत असतात. कॉक ज्या बाजूला, त्याच बाजूचे तोंड वापरा. दुसऱ्या तोंडावर टोपण आणि त्यात वायसर असतो. बसवणारा टोपण इकडचे तिकडे करतो आणि वायसर खाली पडून राहतो, हे सारखे घडते. त्याच्यासमोरच टोपण उघडायला लावून वायसर आत आहे ना ते बघा.

नळी नोझलच्या सगळ्या कड्या झाकेपर्यंत चढवायची. जड जात असेल तर टोकाला साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगते. सहज सरकत असेल तर माप चुकले आहे, वर क्लिप आवळून ते बरोबर होत नाही. नळीचे आयुष्य पाच वर्षे. वर्ष नळीवरच छापलेले असते.

आणखी एक, लहान मुलांच्या घरात विशेष. ओव्हनचे दार उघडे असताना त्यावर मूल चढले तर उभी रेंज पुढे कलंडते आणि वरचे उकळते भांडे अंगावर येते. पेटीत मागचा पाय अडकवायची लोखंडी पट्टी असेल तर ती जमिनीत किंवा भिंतीत स्क्रूने ठोकूनच घ्या.

प्रश्न : बसवून झाल्यावर गळती नाही याची खात्री कशी करायची? मेकॅनिक काडी पेटवून दाखवत होता. (सांगली)

उत्तर : काडीने तपासू देऊ नका, कितीही सराईत माणूस असला तरी. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर भांडी घासायचे द्रव घाला. रेंजचे सगळे नॉब बंद, रेग्युलेटर आणि कॉक चालू. मग ब्रशने हे पाणी रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांवर, कॉकवर, मागच्या नटावर आणि वापरात नसलेल्या टोपणावर लावा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा; बारीक गळतीचा बुडबुडा हळूहळू फुगतो, झटकन दिसत नाही. बुडबुडा आला तर गॅस बंद करून जोड पुन्हा बसवायचा, चालू गॅसवर आवळायचा नाही. रेग्युलेटरच्या जोडावर बुडबुडे येत असतील तर बहुधा सिलिंडरच्या तोंडातला रबरी वायसर खराब असतो किंवा नसतोच. तो सिलिंडर टोपण लावून, मोकळ्या हवेत ठेवून परत द्या.

घरात गॅसचा वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट काहीही चालू करू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. बटण दोन्ही वेळा ठिणगी टाकते. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपण लावा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून परत येताना तिथली रेंज आणायची म्हणतो. दुबईहून आलेल्या नातेवाइकांची मात्र इथे चालते. (दापोली)

उत्तर : अमेरिकेतली आणू नका. तिथल्या बहुतेक रेंज नैसर्गिक वायूसाठी लावलेल्या येतात. जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक भोकाचे तोंड, बदलता येतात, पण तेवढ्याने भागत नाही. ओव्हन पेटवणारी तापती कांडी १२० व्होल्टवर सुमारे तीन अँपियर घेते, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर. मागच्या तोंडाचे आटेही वेगळे. अर्ध्या इंचाला तिथे आणि इथे इंचात १४च आटे, म्हणून इथला नट चढतो, घट्टही वाटतो. पण आट्यांचा कोन निराळा असल्याने सांधा झिरपतो. शिवाय तपासणीला येणारा माणूस आयएसआय चिन्ह विचारेल.

आखाती देशांतल्या रेंजच्या मागची पट्टी वाचा. तिच्यावर गॅसचा प्रकार जी-३० आणि दाब २८-३० मिलिबार असेल तर ती एलपीजीची. आपला घरगुती रेग्युलेटरही जवळजवळ ३० मिलिबारच देतो. जी-२० आणि २० मिलिबार म्हणजे नैसर्गिक वायू. नातेवाइकांची रेंज चालते ती बहुधा एलपीजीची असल्यामुळे.

प्रश्न : इमारतीत पाइप गॅस आला. रेंज तीच ठेवली, ज्योत अगदी बारीक झाली. (ठाणे)

उत्तर : जेट एलपीजीचेच राहिले आहेत. पाइप गॅस म्हणजे नैसर्गिक वायू. त्याचा दाब कमी, साधारण २१ मिलिबार, आणि तेवढ्याच आकारमानाच्या गॅसमध्ये उष्णताही कमी. त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. भोक घरी तारेने वाढवू नका, रेंजच्या कंपनीचा संच मागवा आणि ओव्हनचा जेट विसरू नका, तो तळाच्या पत्र्याखाली असतो. नॉब काढला की आत एक बारीक स्क्रू दिसतो, तो मंद ज्योतीचा. एलपीजीला तो पूर्ण आवळलेला असतो, पाइप गॅसला थोडा सैल करावा लागतो. तसाच राहिला तर नॉब मंद केल्यावर ज्योत विझते. घर बदलून पुन्हा सिलिंडरवर आलात तर जेट आणि स्क्रू दोन्ही परत पूर्ववत करायचे. मोठ्या जेटवर एलपीजी सोडला तर पिवळी, उंच ज्योत येते आणि भांड्यांवर काजळी धरते.