ब्लाऊजची माया

प्रिय मुली,

परवा मानसोपचाराच्या ओपीडीच्या बाकावर तू तुझ्या वजन वाढवणाऱ्या गोळीबद्दल हळूच विचारलंस, "काकू, ओलान्झापिन निम्मी केली तर चालेल का?" तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि उत्तर राहून गेलं.

2009 साली मीही सुरीने गोळीचे तुकडे करत होते. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं आणि दीड वर्षात माझं वजन 61 वरून 78 वर गेलेलं. शिंप्याने ब्लाऊज उलटा करून दाखवला. "ताई, होती नव्हती ती माया सोडली. आता माया संपली." घरी आले, गोळी निम्मी केली. मग पाव. मग काहीच नाही. लग्नाच्या आदल्या रात्री, तीन दिवस डोळ्याला डोळा नसताना, मी रुखवतातले लाडू गच्चीवरून रस्त्यावरच्या लोकांना वाटत होते. लग्न मी पाहिलंच नाही.

भांडायचं तर डॉक्टरांशी भांड. गोळीशी नको.

आणि मोघम भांडू नकोस. "वजन वाढतंय" एवढंच म्हटलंस तर "जिभेवर ताबा ठेवा" हे ऐकून परत येशील, मी आले तशी. वही घाल. दर रविवारी चहाआधी काटा, महिन्यातून एकदा कमरेला टेप. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटिमीटरची मर्यादा धरतात. मूळ वजनाच्या सात टक्के वाढ झाली की ती दखल घेण्याजोगी मानतात. 56 किलोच्या मुलीला ते जेमतेम चार किलो! उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल कधी तपासायचं, विचार. मेटफॉर्मिन, ती मधुमेहाची गोळी, वजन रोखायला चालेल का, विचार. एरिपिप्राझोल, लुरासिडोन ही याच जातीची औषधं वजन त्या मानाने कमी वाढवतात, त्यांतलं काही तुला जमेल का, तेही विचार. नाही म्हणाले तर का नाही? सुरुवातीच्या महिन्यांतच वजन सपाट्याने चढतं. ते महिने लाजण्यात घालवू नकोस.

मेटफॉर्मिनने माझं पोट पंधरा दिवस बिघडवलं आणि वर्षात चारच किलो उतरवले. पण काटा चढायचा थांबला.

भुकेचं म्हणशील तर तो तुझा हावरटपणा नाही. ही गोळी मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा, अडवते, पोट भरल्याचा निरोप पोचतच नाही. रात्री साडेअकराला ओट्याशी उभ्याने शिळी पोळी, तूपगूळ. मग दुसरी. मग फरसाणाचा डबा. मला नको सांगूस. डबा घरात येऊच देऊ नकोस. गोळी नेमकी किती वाजता घ्यायची, म्हणजे मधल्या वेळात ओट्याशी जाणं होणार नाही, हेही डॉक्टरांनाच विचार.

उपास मात्र नकोत. मनाचा तोल सांभाळणारं लिथियमही चालू आहे म्हणालीस ना? मग निर्जळी नाही आणि मीठ एकदम तोडणंही नाही. पाणी आणि मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, पार विषबाधेपर्यंत. तहान लागली तर पाणी पी, कोल्ड्रिंक नको. आणि साबुदाण्याने बारीक झालेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

हळदीकुंकवाला "तब्येत सुधारली हो!" म्हणतील. म्हणू देत. त्या बायका तुझ्याबरोबर रात्री जागायला येणार नाहीत.

घरचे अजून म्हणतात, माझाच हट्ट नडला. असेल. पण त्या दीड वर्षात मला कुणी एकदाही काट्यावर उभं केलं नाही. केलं असतं तर मी सुरी हातात घेतली नसती, असं मला आजही वाटतं. आणि हेही खरं की मीही कधी तोंड उघडून विचारलं नाही. भांडले ती गोळीशी. ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांना नमस्कार करून बाहेर पडले.

तुझी तारीख बुधवारची ना? वही आण. आत बोलायला घाबरलीस तर मी येते बरोबर. नाहीतरी मला पुढे शिंप्याकडे जायचंय. हल्ली मी त्याला आधीच बजावते, दोन्हीकडे तीन-तीन बोटं माया ठेव म्हणून.

तुझी,
बाकावरची काकू