फोनचा रिमोट आणि आईचा आवाज

प्रश्न : टीव्हीचा रिमोट बिघडल्यापासून आम्ही फोनवरच्या अ‍ॅपने टीव्ही चालवतो, परंतु वीज जाऊन आली की अ‍ॅपला टीव्ही सापडत नाही, आणि आईने ‘ज्ञानेश्वरांचे अभंग लाव’ असे सांगितले तर पडद्यावर भलतीच इंग्रजी अक्षरे उमटतात. काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : साधा रिमोट सहसा अवरक्त किरणांनी थेट टीव्हीला आज्ञा देतो, आजच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय नसल्याने अ‍ॅपचा निरोप घरातल्या वाय-फायवरूनच जातो. म्हणून वीज आल्यावर राउटर पूर्ण सुरू होईपर्यंत थांबावे आणि फोन मोबाइल डेटावरच राहिलेला नाही ना, हे पाहावे.

आईंच्या उच्चारांत काहीही दोष नाही. यंत्राची भाषा इंग्रजी ठेवलेली असली, की ते प्रत्येक मराठी ध्वनीसाठी जवळचा इंग्रजी शब्द शोधत बसते, आणि ‘ज्ञ’ची तर पुरती दुर्दशा होते. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येते. तेव्हा फोनमध्ये मराठी निवडावी, टीव्हीचा आवाज बारीक करावा आणि अ‍ॅपमधला शोधाचा चौकोन उघडून त्यांना फोन तोंडाजवळ धरून बोलू द्यावे. तरीही बटणांचा एक रिमोट विकत घ्याच. जे काम त्यांचा अंगठा न पाहता करतो, ते त्यांना गुळगुळीत काचेवर चाचपडत करायला लावणे मला योग्य वाटत नाही.