वाचकांचे प्रश्न: भारतीय फुटबॉल, अनवाणी पाय आणि हातची गेलेली वर्षं

भारतीय फुटबॉल टीमबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळची सगळी जागा त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: १९५० च्या वर्ल्डकपला भारत क्वालिफाय झाला होता पण आपले खेळाडू बूट घालायला तयार नव्हते म्हणून फिफाने खेळू दिलं नाही, असा मेसेज दर वर्ल्डकपला फिरतो. हे खरंय का? (सांगली)

अर्धं खरं. क्वालिफाय झालो होतो, पण एकही मॅच न खेळता. आपल्या गटातल्या बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या तिघांनीही माघार घेतली आणि जागा आपसूक आपल्याकडे आली. ब्राझीलमधला आपला ग्रुप पण ठरला होता, स्वीडन, इटली आणि पॅराग्वे.

आता बुटांचं बघू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या गुंडाळून खेळले हे खरंच आहे, त्याचे फोटो आहेत. पण मग १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पण आपल्यातले बरेच जण अनवाणीच उतरले ना! १९५० ला पायात बूट नाहीत म्हणून दार बंद झालं असतं तर दोनच वर्षांनी ऑलिंपिकचं दार उघडं कसं राहिलं? आणि आपल्या टीममध्ये बूट घालून खेळणारे पण होते, म्हणजे बूट ही काही अशक्य गोष्ट नव्हती.

खरी कारणं फेडरेशनच्या ऑफिसात होती. बोटीचा लांबचा प्रवास, खर्च (त्यातला बराचसा उचलायला ब्राझील तयार होता), सरावाला वेळ नाही, टीम निवडीवरून वाद, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे वर्ल्डकपला महत्त्व द्यावं असं कुणाला वाटलंच नाही. तेव्हा आपल्याकडे ऑलिंपिक म्हणजेच सगळं होतं. शैलेन मन्ना, जे त्या टीमचे कॅप्टन असते, त्यांनी नंतर हेच सांगितलं, की वर्ल्डकप काय असतो याची आम्हाला तेव्हा फारशी कल्पनाच नव्हती आणि बुटांची गोष्ट मागाहून पुढे केली गेली.

प्रवासाच्या कारणावर एकच सांगतो. त्याच वर्ल्डकपला इटलीची टीम बोटीनेच गेली, कारण आदल्या वर्षी तोरिनो क्लबची अख्खी टीम विमान अपघातात गेली होती आणि विमानात बसायची कुणाची हिंमत नव्हती. गतविजेते असून समुद्रातून गेले, ग्रुपमध्येच बाहेर पडले, पण गेले. माघार घेणारे आपण एकटे नव्हतो हेही खरं, स्कॉटलंड, तुर्कस्तान, फ्रान्स सगळेच गळाले आणि शेवटी १३ च टीम खेळल्या. पण त्यांना पुढे परत संधी मिळाली, आपल्याला अजून मिळालेली नाही. म्हणून या मेसेजचा मला त्रास होतो, अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला बरी वाटते आणि ज्यांनी निर्णय घेतला ते आपोआप सुटतात.

प्रश्न: १९४८ ला आपण फ्रान्सला जवळजवळ हरवलं होतं असं वाचलं. किती जवळ? (नाशिक)

खूपच जवळ. ३१ जुलै १९४८, लंडनजवळ इलफर्डला मॅच, स्वतंत्र भारताची पहिली मोठी मॅच म्हणा ना. कॅप्टन नागा टेकड्यांमधले डॉ. तालिमेरेन आओ, कोलकात्यात डॉक्टरकी शिकलेले. फ्रान्सने आधी गोल केला, मग सारंगपाणी रामन यांनी बरोबरी केली, आणि मॅच संपता संपता ८९ व्या मिनिटाला फ्रान्सचा दुसरा गोल झाला. २-१. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या!

यात एक गोष्ट सहसा कुणी जोडून बघत नाही. त्या काळात आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये मॅच ७० मिनिटांची असायची, ९० ची नाही. म्हणजे ज्या २० मिनिटांची आपल्या पायांना सवयच नव्हती त्याच २० मिनिटांत तो गोल बसला. १९७० च्या सुमारापर्यंत आपण हे बदललं नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ धुतलं, आपला एकमेव गोल अहमद खान यांचा, आणि त्यानंतर मात्र फेडरेशनने बूट सक्तीचे केले. पायात बूट आले, मॅच ७० मिनिटांचीच राहिली.

प्रश्न: मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, हे नुसतं सांगण्यापुरतं आहे की खरंच टीम तशी होती? (पुणे)

रास्त शंका आहे, कारण १९५६ च्या त्या स्पर्धेत आपण प्रत्यक्षात एकच मॅच जिंकलो. हंगेरीने माघार घेतली म्हणून पहिली फेरी न खेळताच पार झाली, मग १ डिसेंबरला क्वार्टर फायनलमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, सेमीमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियाकडून ०-३ हरलो. कागदावर बघितलं तर नशीब चांगलं होतं असंच कुणीही म्हणेल.

पण ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांच्याच देशात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल मारले, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. सेमीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पण त्यांचाच, म्हणजे ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले त्यांच्यासमोर काही मिनिटं आपण १-० ने पुढे होतो. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे ठरले. हे नशिबाने होत नाही हो.

आणि १९६० ला रोममध्ये नंबर खूप खालचा आला पण माझ्या मते टीम मेलबर्नपेक्षा भारी होती. हंगेरीकडून फक्त १-२, फ्रान्सशी १-१ (पी. के. बॅनर्जींचा गोल), पेरूकडून १-३. फॉरवर्ड तुळसीदास बलराम यांनी दोन गोल मारले. ग्रुप जीवघेणा होता म्हणून बाहेर गेलो. ते आपलं शेवटचं ऑलिंपिक, त्यानंतर पुरुषांची टीम एकदाही क्वालिफाय झाली नाही.

प्रश्न: भारतीय फुटबॉलचा सगळ्यात मोठा दिवस कोणता? वडील १९५१ म्हणतात, मी १९६२ म्हणतो. (ठाणे)

वडिलांचा मान राखून सांगतो, तुमचं बरोबर आहे. १९५१ च्या पहिल्या एशियन गेम्सचं गोल्ड दिल्लीत, आपल्याच लोकांसमोर, फायनलमध्ये इराणविरुद्ध मेवालाल यांचा एक गोल. सुंदर दिवस, यात वादच नाही.

पण जकार्ता १९६२ ची गोष्टच वेगळी. कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शिक्षक, सगळे त्यांना रहीम साहेब म्हणायचे. त्यांच्या हैदराबाद पोलीस टीमने १९५० ते ५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला होता. जकार्ताला ते गेले तेव्हा कॅन्सरने पोखरलेले होते. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ हरवलं. मग थायलंडला ४-१, पण त्यात डिफेंडर जर्नैल सिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानला २-० केलं. आता सेमी, आणि जर्नैल टाक्यांसकट. रहीम साहेबांनी त्यांना बाहेर बसवलं नाही, डिफेन्समधून काढलं आणि सरळ सेंटर फॉरवर्डला उभं केलं! दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं त्यात चुनी गोस्वामींचे दोन आणि एक गोल जर्नैल यांचा.

४ सप्टेंबर, फायनल, समोर पुन्हा कोरिया. स्टेडियम भरलेलं आणि सगळं आपल्या विरोधात, कारण इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला बोलावलं नाही यावर एशियन गेम्स फेडरेशनमधले भारताचे पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर टीका केली होती आणि तिथले लोक भडकले होते, आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी पण हुर्यो उडवली गेली. अशात १७ व्या मिनिटाला पी. के., २० व्या मिनिटाला जर्नैल. कोरियाचा गोल शेवटी शेवटी झाला, २-१. जून १९६३ मध्ये रहीम साहेब गेले. एशियन गेम्सचं फुटबॉलचं गोल्ड त्यानंतर आजतागायत आलेलं नाही, १९७० ला बँकॉकला जपानला १-० हरवून ब्राँझ आणलं तेवढंच.

प्रश्न: मग नेमकं बिघडलं कुठे? जपान-कोरियाला हरवणारी टीम इतकी मागे कशी पडली? (नागपूर, औरंगाबाद आणि इतर)

क्रिकेटमुळे असं म्हणायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. जपानमध्ये पण बेसबॉल होताच की. फरक कामात पडला. जपानने साठच्या दशकात जर्मनीहून कोच डेटमार क्रॅमर यांना आणलं, १९६५ ला देशभराची लीग सुरू केली आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं. कोरियाने १९८३ ला प्रोफेशनल लीग काढली. आपली राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ ला. तोपर्यंत आपला फुटबॉल कोलकाता, गोवा, मुंबई, केरळ, पंजाब असा तुकड्या-तुकड्यांत खेळला जात होता, जो तो आपापल्या कपसाठी.

आणि ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते हे, की वर्ल्डकपच्या क्वालिफायरमध्ये भारत पहिल्यांदा मैदानात उतरला तो १९८५ साली. १९५० ला नको म्हटल्यावर ३५ वर्षं! पी. के., चुनी, बलराम ही तिघंही एकाच वेळी टीममध्ये होती, आशियात आपल्याला घाबरायचे, आणि त्यातल्या एकालाही वर्ल्डकपची साधी पात्रता फेरी खेळायला मिळाली नाही. रहीम साहेबांनंतर तसा कोच मिळाला नाही हे आहेच, पण एक माणूस गेल्यावर सगळं थांबत असेल तर त्याच्या मागे काही उभंच केलेलं नव्हतं असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न: एशियन कपमध्ये आपला रेकॉर्ड थोडक्यात सांगा. (सोलापूर)

१९६४ ला इस्रायलमध्ये उपविजेते, पण चारच टीम होत्या. १९८४ ला सिंगापूरमध्ये एकही गोल नाही, इराणशी ०-० एवढीच कमाई. २०११ ला दोहामध्ये तिन्ही मॅच हरलो. २०१९ ला अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवलं, एशियन कपमधला ५५ वर्षांनंतरचा विजय, आणि मग बहरीनविरुद्ध नुसती बरोबरी केली असती तरी पुढे गेलो असतो तर ९१ व्या मिनिटाला पेनल्टी दिली. ती मॅच आठवली की अजून कसंतरी होतं. २०२४ च्या सुरुवातीला कतारमध्ये तीन मॅच, तीन पराभव, शून्य गोल. २०२७ साठी तर क्वालिफायच झालो नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरने २-१ हरवलं आणि विषय संपला.

प्रश्न: कतारने आपल्याला फसवलं ती मॅच कोणती? (सातारा)

११ जून २०२४, दोहा. वर्ल्डकप क्वालिफायरच्या दुसऱ्या फेरीची शेवटची मॅच. पाचच दिवस आधी कोलकात्यात कुवेतशी ०-० करून सुनील छेत्री निवृत्त झाला होता (पुढच्या मार्चमध्ये परत आला, ती गोष्ट वेगळी) आणि दोहाला छांगतेच्या गोलवर आपण ७३ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे. मग कतारचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, बॉल गोलपोस्टच्या बाजूने लाईनच्या बाहेर गेला, आपले खेळाडू थांबले, तो बॉल आत ओढून गोल मारला आणि रेफ्रीने दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि आपण बाहेर. 'फसवलं' हा शब्द कतारपेक्षा रेफ्रींच्या चुकीला लावावा असं मला वाटतं. पण त्याच ग्रुपमध्ये आपण गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो होतो, ती मॅच जिंकली असती तर दोहाला जीव टांगणीला लागलाच नसता.

प्रश्न: टीममध्ये महाराष्ट्राचं कोण? (कोल्हापूर)

नेव्हिल डिसूझा मूळ गोव्याचे पण खेळले मुंबईत, टाटांकडून. ६२ च्या गोल्ड टीममधले फॉर्च्युनॅटो फ्रँको पण टाटांचेच. सध्याच्यातला राहुल भेके मुंबईचा. आणि तुमच्या गावचा अनिकेत जाधव २०१७ ला भारतात झालेल्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये खेळला, कोणत्याही वयोगटात फुटबॉल वर्ल्डकप खेळलेली ती आपली पहिली टीम. शाहू स्टेडियमवर पेठा-पेठांच्या मॅचना जी गर्दी होते ती बघता कोल्हापुरातून एकच नाव घ्यावं लागतं हे मला कमी वाटतं.

प्रश्न: मुलींच्या टीमबद्दल कुणीच काही लिहीत नाही. (रत्नागिरी)

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि रेकॉर्ड तर मुलांच्या टीमइतकाच बोलका आहे. एशियन कपच्या दोन फायनल त्या खेळल्यात, १९८० ला कालिकतमध्ये आणि १९८३ ला बँकॉकमध्ये. २०२२ चा एशियन कप तर मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता, पहिली मॅच इराणशी ०-० झाली आणि मग टीममध्ये इतका कोविड पसरला की दुसऱ्या मॅचला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, घरची स्पर्धा सोडावी लागली. त्या मुलींचं काय झालं असेल तेव्हा!

पण ५ जुलै २०२५ ला चियांग मायमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपली टीम २०२६ च्या एशियन कपमध्ये पोचली, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. थायलंड म्हणजे २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्डकप खेळलेली टीम. ती मॅच अजून बघितली नसेल तर हायलाइट्स शोधून बघा, संगीताचा पहिला गोल बॉक्सच्या बाहेरून आहे.